‘थांबा, बोलेल हळूहळू’ : हे वाक्य आम्ही डॉक्टरांनी आता बंद करायला हवं

साधारण आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमगावकडच्या एक आजी साखर तपासायला माझ्याकडे येत असत. त्या दिवशी अडीच वर्षांचा नातू सोबत होता. मी रिपोर्ट बघत होतो तेवढा वेळ तो टेबलाखाली बसून खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं एकच चाक फिरवत होता. आजींनी तीन-चार वेळा नावाने हाक मारली, पण त्याने मान वर केली नाही. औषधं लिहून झाली तसं आजी म्हणाल्या, "डॉक्टर साहेब, हा पोरगा अजून बोलत नाही जी. ‘आई’ पण नाही म्हणत."

मी हसून म्हणालो, "बोलेल हो. मुलगे उशिराच बोलतात. याचा बाप केव्हा बोलला होता?"

"तो बी तीन वर्षांनी बोलला."

"मग झालं तर!"

आजी निश्चिंत होऊन गेल्या. पुढे सहावं वर्ष लागल्यावर मुलाला शाळेत घातलं. तो वर्गात बसेना, कुणाकडे बघेना. नागपूरला दाखवल्यावर निदान झालं : स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. आजींनी मला दोष दिला नाही. पुढच्या वेळी साखर दाखवायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणले होते, बोलेल म्हणून."

मूल बोलत नव्हतं, हाकेला ओ देत नव्हतं, एकच चाक फिरवत होतं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ते पाहिलं, पण ओळखलं नाही. तीन-साडेतीन वर्षं माझ्या एका हसऱ्या वाक्यामुळे वाया गेली. ऑटिझम औषधाने ‘बरा’ होणारा आजार नाही, हे खरं आहे. पण त्या वर्षांत त्या मुलाला संवाद साधायला शिकवता आलं असतं, त्याच्या आईला त्याच्याशी कसं खेळायचं ते दाखवता आलं असतं. मेंदूची वाढ सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि नेमकी तीच वर्षं आपण ‘थांबा’ म्हणत घालवतो.

मोठ्यांच्या डॉक्टरने हे का लिहावं?

मी बालरोगतज्ज्ञ नाही. बीपी, शुगर, दमा, ताप हे माझं रोजचं काम. तरीही लिहितो आहे, कारण खेड्यापाड्यातल्या आईची शंका तज्ज्ञाच्या दारात फार उशिरा पोहोचते. त्याआधी ती गावातल्या डॉक्टरला, लस टोचणाऱ्या सिस्टरला, अंगणवाडीताईला, आशाताईला सांगितलेली असते. कधी आजीची साखर तपासायला आल्यावर सहज बोलता बोलता सांगितलेली असते, माझ्यासारख्याला. दार आम्हीच उघडायचं असतं, आणि आम्ही ते गोड बोलून लावून घेतो.

ही समस्या दुर्मिळ असती तर चूक क्षम्य मानता आली असती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या जवळपास चार हजार मुलांची तपासणी झाली होती. त्यातलं एक ठिकाण आपल्या शेजारचं उत्तर गोवा होतं. ऐकू न येणं, फिट, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अडचण, ऑटिझम, अतिचंचलता, वाचन-लेखनातली अडचण अशा विकारांपैकी किमान एक जवळजवळ दर आठ मुलांमागे एकात आढळला. चाळीस मुलांच्या वर्गात ही पाच मुलं होतात. आणि आम्ही याला ‘कधीतरी दिसणारी केस’ समजतो.

आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

मुलाची वाढ म्हणजे वजन-उंची, आणि विकास म्हणजे बघणं, ऐकणं, चालणं, बोलणं, खेळणं, माणसांत मिसळणं. यातल्या दुसऱ्या भागाचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. अमेरिकेत विकास आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली. पुढे तिथे या विषयाला उपशाखेचा दर्जा मिळाला आणि बालरोगात पदवी घेतल्यावरही आणखी तीन वर्षं त्यासाठी शिकावं लागतं. आपल्याकडे डॉ. एम. के. सी. नायर यांनी १९८७ मध्ये तिरुवनंतपुरमला बालविकास केंद्र सुरू केलं. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या १७ मुद्द्यांचा तक्ता तिथेच तयार झाला. अंगणवाडीताईही तो वापरू शकते. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये ‘उम्मीद’ हे केंद्र सुरू केलं. तिथे मुलांवर उपचार होतात, शिवाय डॉक्टर, थेरपिस्ट आणि वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते यांनाही शिकवलं जातं. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची या विषयाची वेगळी शाखाही आहे.

म्हणजे आपल्या देशात ज्ञान आहे आणि शिकवणारी माणसंही आहेत. ही माणसं एकमेकांशी बोलतात, परिषदा घेतात, अवघड केसेसवर चर्चा करतात. पण ते वर्तुळ मोठ्या शहरांपुरतं राहिलं. गोंदियाच्या डॉक्टरला त्या वर्तुळात खुर्ची नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही ती मागितलीही नाही.

मी एमबीबीएस झालो तेव्हा मनोविकार विभागातली आमची पाळी दोन आठवड्यांची होती. त्या दोन आठवड्यांत मी एकही लहान मूल पाहिल्याचं आठवत नाही. बालरोगात ‘मूल कितव्या महिन्यात मान धरतं, कितव्या महिन्यात बसतं’ हे आम्ही पाढ्यासारखं पाठ केलं, तोंडी परीक्षेत म्हटलं आणि विसरलो. मूल त्या महिन्यात बसलं नाही तर आईशी काय बोलायचं, कुठे पाठवायचं, हे कोणी शिकवलं नाही. पुढे एमडीला तर मुलं समोर आलीच नाहीत.

बरं, कॉलेज संपल्यावरचं शिक्षण? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नियमानुसार आम्हाला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ते मिळतात सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या व्याख्यानांना हजर राहून. इतक्या वर्षांत मी मधुमेहाच्या नव्या गोळीवर किती व्याख्यानं ऐकली याची गणती नाही. हॉटेलचा हॉल, व्याख्यान, मग जेवण. मुलांच्या विकासावर मी ऐकलेली व्याख्यानं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि बोटं उरतील.

याचं कारण साधं आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी विकायला गोळी नाही. त्याला लागतो वेळ, खेळ, शिकवणारं माणूस आणि शिकलेली आई. यात कोणत्याही कंपनीचा नफा नाही, म्हणून प्रायोजक नाही. प्रायोजक नाही म्हणून व्याख्यान नाही. डॉक्टरने काय शिकायचं हे औषधाच्या बाजारावर सोडलं की ज्याचं औषध नाही तो विषय शिकायचा राहून जातो. ही गोष्ट आम्हा डॉक्टरांना लाज वाटावी अशी आहे, आणि मी त्यात स्वतःला वगळत नाही.

कागदावर सगळं आहे

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर शोधणं हे त्याचं काम. फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जायचं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असायचं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एकाच छताखाली, अशी त्याची रचना. आशाताईने ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना बाळाच्या घरी जायचं, हीसुद्धा योजना आहे.

रचना उत्तम आहे. पण कोणतीही रचना शेवटी ओळखणाऱ्या डोळ्यावर चालते. पथकातल्या डॉक्टरला एका दिवसात अख्खी अंगणवाडी तपासायची असते. दात किडलेला दिसतो, रक्त कमी असलं तर पापणीत दिसतं. हाकेला न बघणारं मूल त्या गर्दीत ‘लाजाळू’ ठरतं. त्या डॉक्टरला वर्षातून एकदा प्रशिक्षण मिळून भागत नाही. शंका आली की फोन करून विचारता येईल असं जाणकार माणूस त्याला लागतं, आणि आपण पाठवलेल्या मुलाचं पुढे काय झालं हे कळावं लागतं. ते कळलं नाही तर पुढचं मूल ओळखायला तो शिकणार कसा?

आमच्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट बाहेरच्या तज्ज्ञांना माहीत नसते. इथे मूल घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा हिंदी ऐकतं, अंगणवाडीत मराठी आणि बाजारात पुन्हा हिंदी. मूल बोलत नसलं की डॉक्टरपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे म्हणतात, "इतक्या भाषांनी गोंधळतंय ते." हे चूक आहे. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलात भाषेचा विकार निर्माण होत नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. पोवारीतला एक, हिंदीतला एक, तरी ते दोन शब्द झाले. उलट घरची बोली बंद करून आईला न येणाऱ्या भाषेत मुलाशी बोलायला लावलं, तर त्या दोघांमधला उरलासुरला संवादही तुटतो. हे पुण्या-मुंबईच्या पुस्तकात ठळकपणे लिहिलेलं नसेल, पण देवरी-सालेकशाच्या डॉक्टरला पक्कं माहीत असायला हवं.

आणि अंतर! देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या बाईने मुलाला घेऊन आधी बसने, मग रेल्वेने नागपूर गाठायचं, अर्ध्या-पाऊण तासाची थेरपी घ्यायची आणि रात्री घरी यायचं. हे आठवड्यातून दोनदा! रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून हे कोण करू शकेल? दोन महिन्यांत थेरपी सुटते. मग आम्हीच म्हणतो, "पालकांना गांभीर्य नाही."

मोकळी जागा भोंदू भरतात

आम्ही ‘थांबा’ म्हणतो, तज्ज्ञ दूर असतो, आणि आईच्या मनातली भीती तशीच राहते. मग मोबाइलवर जाहिरात दिसते : ऑटिझम बरा करतो, स्टेम सेल टोचतो, शरीरातले विषारी धातू काढतो. लोक शेती गहाण टाकून पैसे भरतात. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण आईपर्यंत जाहिरात पोहोचते, आयोगाचा कागद पोहोचत नाही. तो पोहोचवणं कोणाचं काम होतं? ज्या डॉक्टरवर तिचा विश्वास आहे त्याचं. माझं.

मित्रांचे आक्षेप

या विषयावर मी डॉक्टर मित्रांशी भांडतो. त्यांचे आक्षेप खोटे नाहीत, म्हणून उत्तरं देतो.

*"अर्धवट शिकलेला डॉक्टर चांगल्या मुलाला आजारी ठरवेल."* चाळणी आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी बीपी मोजतो आणि जास्त आलं तर पुन्हा मोजतो, पुढच्या तपासण्या करतो. पट्टा बांधला म्हणून कोणाला हृदयरोगी ठरवत नाही. मुलाबाबतही ‘शंका आहे, कान तपासू, तज्ज्ञाला दाखवू’ एवढंच म्हणायचं आहे.

*"ओपीडीत वेळ कुठे आहे?"* मूल ९ महिन्यांना गोवर-रुबेलाच्या लसीला येतंच. १६ ते २४ महिन्यांत बूस्टरला पुन्हा येतं. त्या दोन भेटींत पाच प्रश्न विचारायला तीन मिनिटं लागतात. आई समोर असते, कार्ड हातात असतं. प्रश्न विचारायची सवय तेवढी नसते.

*"प्रत्येक जिल्ह्यात तज्ज्ञाचं पद भरा, मग बघू."* जरूर भरा. पण पद मंजूर झालं म्हणजे माणूस येतोच असं नाही, हे आपल्या भागाला नव्याने शिकवायला नको. तोवर जन्मणाऱ्या मुलांनी काय करायचं?

*"ओळखून उपयोग काय? इथे थेरपिस्टच नाहीत."* हा सगळ्यात जड आक्षेप. याचं उत्तर आपल्याच शेजारी आहे. गोव्यात ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून एक अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाला. ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या आई-वडिलांना मुलाशी संवाद कसा साधायचा हे शिकवलं गेलं, आणि शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षित साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलाने वागू-बोलू लागले, आणि मुलं स्वतःहून त्यांच्याशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. प्रत्येक अडचण त्याने सुटली नाही, पण घरातच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, काम सुरू करता येतं हे दिसलं.

आणि आपण विदर्भातले लोक यावर शंका घेणार? आपल्याला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटल्याचं १९९९ मध्ये जगाने वाचलं. पुढे देशभरच्या आशाताईंचं बाळाच्या घरी जाण्याचं काम त्याच अनुभवावर उभं राहिलं. गावातली बाई न्यूमोनिया ओळखू शकते, तर न बोलणारं मूल एमबीबीएस डॉक्टर का ओळखू शकणार नाही?

माझ्या चार मागण्या

पहिली, वैद्यकीय परिषदेकडे. त्या ३० पॉइंटपैकी चार तरी बालविकास आणि वर्तन या विषयासाठी राखून ठेवा. हृदयरोगतज्ज्ञ असो की जनरल प्रॅक्टिशनर, सगळ्यांना लागू करा. प्रायोजक लागत नाही. हॉल सरकारी दवाखान्यात आहे आणि चहा आम्ही आमच्या पैशाने पिऊ.

दुसरी, मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांकडे. तुमचं वर्तुळ उघडा. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये एक पद्धत सुरू केली. यकृताच्या आजाराचा तज्ज्ञ ठरावीक वेळी व्हिडिओवर बसतो, दूरगावचे डॉक्टर आपापले रुग्ण मांडतात आणि सगळे मिळून शिकतात. त्या दूरगावच्या डॉक्टरांचे उपचार विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच चांगले निघाले. पुढे ऑटिझमसाठीही हीच पद्धत वापरली गेली, आणि बंगळुरूची निम्हान्स संस्था मानसिक आरोग्यासाठी ती वापरते. महिन्यातून दोनदा एक तास. आठ तालुक्यांतून आठ डॉक्टर, पथकातले डॉक्टर, एखादी अंगणवाडी पर्यवेक्षिका, एक फिजिओथेरपिस्ट. एवढं गोंदियात नक्की जमेल.

तिसरी, आमच्या मेडिकल कॉलेजकडे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने इंटर्नशिपमध्ये एक आठवडा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आणि अंगणवाडीत काढावा. आम्ही पाठ केलेला पाढा त्यांनी प्रत्यक्ष मुलांत बघावा.

चौथी, स्वतःकडे आणि माझ्या वयाच्या डॉक्टरांकडे. ‘मला माहीत नाही, पण मी विचारून सांगतो’ हे वाक्य शिकू या. पन्नाशीनंतर ते फार अवघड जातं, हे मी अनुभवाने सांगतो.

तुम्ही आज काय करू शकता?

घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. लसींच्या तारखांसोबत त्यात मुलाने कोणत्या वयात काय करावं हे दिलेलं असतं. ते पान वाचा. खालीलपैकी काही दिसलं तर थांबू नका :

– १२ महिन्यांपर्यंत बा-बा, मा-मा असे आवाज नाहीत. टाटा करणं, बोटाने दाखवणं असे हातवारे नाहीत
– १६ महिन्यांपर्यंत अर्थ असलेला एकही शब्द नाही
– २४ महिन्यांपर्यंत ‘पाणी दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही
– नावाने हाक मारली तर बघत नाही, नजरेला नजर देत नाही
– कोणत्याही वयात, आलेले शब्द किंवा आलेलं कौशल्य निघून गेलं

बोलण्यात उशीर असेल तर सगळ्यात आधी कान तपासा. टाळी वाजवून, ताट बडवून बघणं ही तपासणी नव्हे. दार वाजल्यावर वळणाऱ्या मुलालाही बोलण्याचे आवाज ऐकू येत नसू शकतात. ओएई, बेरा अशा तपासण्या असतात, त्याबद्दल विचारा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. खाजगी वाचातज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदलेला आहे का, हे विचारायला लाजू नका. मुलाच्या हातातला मोबाइल काढून घ्या आणि तुमच्या बोलीत त्याच्याशी भरपूर बोला. धान निवडताना, अंघोळ घालताना, भाकरी करताना बोला.

आणि एवढं करून कोणी डॉक्टर म्हणाला, "थांबा, बोलेल हळूहळू," तर त्याला शांतपणे विचारा : "डॉक्टर साहेब, किती दिवस थांबू? आणि तोवर काय करू?" त्याच्याकडे उत्तर नसेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. तो डॉक्टर मी असलो तरीही जा.

त्या आजी अजून साखर दाखवायला येतात. नातू आता दहा-अकरा वर्षांचा आहे. चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून तो भूक, तहान, राग सांगतो. मागच्या महिन्यात सोबत आला होता. मी त्याला नावाने हाक मारली आणि थांबलो. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे बघितलं.